कॅप्स लॉकचा दिवा लागत नाही तेव्हा: कीबोर्ड मुका झाला की ड्रायव्हर काय करतो?

ऑनलाइन अर्जाचं शेवटचं पान उघडलेलं असतं, मुदत संपायला थोडाच वेळ उरलेला असतो आणि नेमका तेव्हाच कीबोर्ड चालेनासा होतो. माऊस फिरतोय, कोपऱ्यातलं घड्याळ पुढे सरकतंय, पण अक्षर काही उमटत नाही. अशा वेळी बहुतेकांचं बोट आपोआप कॅप्स लॉककडे जातं. दिवा लागतो का, ते बघायला.

ही सवय अगदी योग्य आहे. साध्या वायरच्या कीबोर्डवर कॅप्स लॉकचा दिवा कीबोर्ड स्वतःच्या मर्जीने लावत नाही. बटण दाबलं की कीबोर्ड फक्त एक आकडा कॉम्प्युटरकडे पाठवतो. ऑपरेटिंग सिस्टीम तो आकडा वाचते, ‘कॅप्स लॉक चालू झालं’ अशी नोंद करते आणि मग उलट कीबोर्डला हुकूम सोडते की दिवा लाव. म्हणजे दिवा लागला, तर निरोप जाऊन उत्तर परत आलं, दोन्ही वाटा शाबूत आहेत. दिवा लागला नाही, तर या फेरीत कुठेतरी कोणीतरी उत्तर देत नाहीये.

उत्तर न देणाऱ्या हार्डवेअरशी व्यवहार करायचं काम ड्रायव्हरचं. ड्रायव्हर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा तो भाग, जो एखाद्या विशिष्ट यंत्राची भाषा जाणतो. नीट चालणाऱ्या कीबोर्डसाठी ड्रायव्हर लिहिणं फार अवघड नाही. कस लागतो तो वेगळ्याच प्रश्नावर: समोरून उत्तर आलं नाही तर किती वेळ थांबायचं, आणि ती मुदत संपली की काय करायचं? लिनक्सचा कोड सर्वांना वाचायला खुला असल्यामुळे या प्रश्नाची खरीखुरी उत्तरं त्यात आकड्यांसकट सापडतात.

एक पेटी, दोन दारं

१९८१ च्या आयबीएम पीसीचा कीबोर्ड जवळपास एकतर्फी होता. तो बटणांचे आकडे पाठवायचा, त्याला दिव्यांचे वगैरे हुकूम देण्याची सोय नव्हती. १९८४ मध्ये आयबीएमने पीसी एटी आणला आणि मदरबोर्डवर इंटेलचा ८०४२ हा छोटा मायक्रोकंट्रोलर बसवला. कीबोर्डच्या आतही एक मायक्रोकंट्रोलर असतोच. तेव्हापासून संभाषण दुतर्फी झालं. १९८७ च्या पीएस/२ मालिकेने याच पद्धतीला तो परिचित गोल प्लग दिला. आज गोल प्लग दिसेनासे झाले असले, तरी बऱ्याच लॅपटॉपमधला अंगचा कीबोर्ड अजूनही आतून ८०४२ चीच भाषा बोलतो. मूळ चिप केव्हाच गेली; तिची नक्कल आता लॅपटॉपमधला एम्बेडेड कंट्रोलर करतो.

प्रोसेसरला या कंट्रोलरशी बोलण्यासाठी दोन पोर्ट आहेत. हेक्स ६० वर माहितीची देवाणघेवाण होते. हेक्स ६४ वाचला की कंट्रोलरची स्थिती कळते, आणि तिथे लिहिलं तर ते कंट्रोलरसाठी हुकूम समजलं जातं. स्थितीच्या बाइटमधले दोन बिट सगळ्यात महत्त्वाचे. पहिला सांगतो, ‘तुझ्यासाठी काहीतरी आलंय, घेऊन जा.’ दुसरा सांगतो, ‘तू मघाशी टाकलेलं मी अजून उचललेलं नाही, थांब.’ घराच्या टपालपेटीला दोन दारं असावीत, तसा हा प्रकार.

या दुसऱ्या बिटातच सगळी गोम आहे. नवीन बाइट टाकण्याआधी तो शून्य होण्याची वाट पाहावी लागते. पण पलीकडचा कंट्रोलर अडकलेला असेल, तर तो बिट कधीच शून्य होणार नाही.

लिनक्सच्या पहिल्या आवृत्तीतलं न संपणारं थांबणं

सप्टेंबर १९९१ मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सची ०.०१ ही आवृत्ती प्रसिद्ध केली. तिच्या अगदी सुरुवातीच्या, मशीन चालू करणाऱ्या कोडमध्ये कीबोर्ड कंट्रोलर रिकामा होण्याची वाट पाहणारं चार-पाच ओळींचं एक काम आहे. स्थिती वाच, दुसरा बिट तपास, तो अजून चढलेला असेल तर पुन्हा पहिल्यापासून. बाहेर पडण्याची दुसरी वाट नाही. शेजारच्या टिपेत तसं स्पष्टच म्हटलंय: इथे वेळेची मर्यादा ठेवलेली नाही, हे अडकलं तर मशीनमध्येच काहीतरी बिघाड आहे आणि तसंही पुढे जाता आलं नसतं.

मशीन सुरू होताना कीबोर्ड कंट्रोलरची गरज काय, असं कोणालाही वाटेल. त्याचं कारण मजेशीर आहे. पीसी एटी बनवताना जुन्या प्रोग्रामांची सोय म्हणून मेमरीची एकविसावी पत्तारेषा, म्हणजे ए२०, बंद ठेवायची सोय हवी होती. त्यासाठी वेगळी चिप न लावता ८०४२ ची एक मोकळी पिन वापरली गेली. त्यामुळे एक मेगाबाइटच्या पलीकडची मेमरी नीट वापरायची तर आधी कीबोर्ड कंट्रोलरची विनवणी करणं आलं. कॉम्प्युटर पुन्हा सुरू करण्याचा हुकूमही, हेक्स एफई, याच कंट्रोलरकडून जायचा.

१९९१ च्या हिशेबाने टोरवाल्ड्स यांचा तर्क चुकीचा नव्हता. त्या काळच्या पीसीत ८०४२ असायचाच. पुढे मात्र असे कॉम्प्युटर आले ज्यांत ही चिप नव्हतीच. त्यांत हेक्स ६४ वाचला तर उत्तर काय येतं? जिथे कोणीच नाही तिथून बहुधा सगळे बिट चढलेले येतात, म्हणजे हेक्स एफएफ. ड्रायव्हरच्या नजरेला त्याचा अर्थ होतो, ‘कंट्रोलर अजून कामात आहे.’ रिकाम्या घराचं दार वाजवत राहावं आणि आत कोणी आंघोळीला गेलं असेल असं समजून थांबावं, तसं मशीन तिथेच अनंतकाळ उभं राहणार.

आजच्या लिनक्समध्ये तेच काम करणाऱ्या भागात दोन मर्यादा आहेत. एकूण फेऱ्या जास्तीत जास्त १,००,०००. शिवाय ३२ वेळा एफएफ वाचलं गेलं, तर कंट्रोलर मुळात नाहीच असं धरून पुढे जायचं. एफएफ हे खरं उत्तरही असू शकतं, पण तशी शक्यता फारच कमी, अशी नोंद कोडमध्ये आहे. ‘अजून वेळ लागतोय’ आणि ‘कोणी नाहीच’ या दोन गोष्टींत फरक करण्याचा हा साधा, काहीसा अंदाजपंचे, पण कामाचा उपाय आहे.

पोचपावतीची मुदत

मशीन सुरू झाल्यावर जो मुख्य ड्रायव्हर काम पाहतो, तोही असंच थांबतो, पण मोजून. पेटी रिकामी आहे का हे तो दर ५० मायक्रोसेकंदांनी बघतो आणि १०,००० वेळा बघून झालं की नाद सोडतो. हिशेब केला तर अर्धा सेकंद. माणसाला अर्धा सेकंद काहीच वाटत नाही. प्रोसेसरच्या दृष्टीने मात्र हा प्रचंड काळ आहे, कारण या थांबण्यात तो गाभा इंटरप्ट बंद करून नुसता गरगर फिरत असतो. त्या वेळात त्याच्याकडून दुसरं कुठलंच काम होत नाही. आवाज क्षणभर अडखळतो, माऊसचा बाण उडी मारतो. बिघडलेल्या कीबोर्डमुळे अख्खा कॉम्प्युटर ‘हँग मारल्यासारखा’ वाटतो, त्यामागे कधी कधी असं काहीतरी असतं.

बाइट कंट्रोलरपर्यंत पोचला म्हणजे कीबोर्डने तो ऐकला असं नाही. म्हणून प्रत्येक बाइटला कीबोर्डने पोचपावती द्यायची असते: हेक्स एफए. नीट ऐकू आलं नसेल तर एफई, म्हणजे ‘पुन्हा सांग’. दिव्यांसाठी आधी ईडी हा हुकूम जातो, त्याची पोचपावती येते, मग कोणते दिवे लावायचे तो बाइट जातो आणि त्याचीही पोचपावती येते. लिनक्स साध्या बाइटच्या पोचपावतीसाठी २०० मिलिसेकंद थांबतं. हुकुमाचं उत्तर यायचं असेल तर त्यासाठी ५०० मिलिसेकंद.

रीसेटला मात्र सवलत आहे. रीसेट झालेला कीबोर्ड आधी स्वतःची तपासणी करतो आणि मग हेक्स एए पाठवून ‘मी ठीक आहे’ असं कळवतो. त्यासाठी ड्रायव्हर ४ सेकंदांपर्यंत थांबतो. नुसत्या पोचपावतीलाही रीसेटच्या वेळी २०० ऐवजी १,००० मिलिसेकंद दिले जातात. कारण काही उपकरणं, त्यात सिनॅप्टिक्सचे टचपॅड आले, आधी रीसेट उरकतात आणि मग सावकाश पोचपावती देतात. नियम असा नाही. पण बाजारात आलेली लाखो यंत्रं परत बोलावता येत नाहीत, मग ड्रायव्हरलाच धीर धरावा लागतो.

थांबायचं किती हे ठरल्यावर पुढचा प्रश्न येतो की थांबायचं कुठे. बटण दाबलं की इंटरप्ट येतो, हातातलं काम बाजूला ठेवून प्रोसेसर ड्रायव्हरकडे धावतो. या क्षणी ड्रायव्हरने पोचपावतीची वाट पाहत बसणं म्हणजे दारात उभ्या पोस्टमनला आत बोलावून जेवायला बसवणं. म्हणून दिव्यांचं काम त्या क्षणी केलं जात नाही. ते रांगेत टाकलं जातं आणि थोड्या वेळाने सावकाश होतं. त्यातही दोन हुकुमांमध्ये साधारण ५० मिलिसेकंदांचं अंतर ठेवलं जातं. त्याचं कारण लिनक्सच्या कोडमध्येच लिहिलंय: एवढी वेसण घातली नाही तर कीबोर्ड प्रतिसाद देणं बंद करू शकतो. म्हणजे कीबोर्ड मुका होण्याचं एक कारण खुद्द ड्रायव्हरचा उतावीळपणाही असू शकतो.

नाव विचारलं आणि बोलणंच बंद

कॉम्प्युटर सुरू होताना लिनक्स आधी कंट्रोलरला स्वतःची चाचणी घ्यायला सांगतं. उत्तर हेक्स ५५ आलं पाहिजे. नाही आलं, तर मध्ये थोडा वेळ सोडून पाच-सहा वेळा तेच विचारलं जातं, कारण काही नाजूक मशीन पहिल्या खेपेला उत्तर देत नाहीत. एवढं करूनही चाचणी नापास झाली तर?

पुस्तकी उत्तर सोपं आहे: हार्डवेअर बिघडलंय, ड्रायव्हरने माघार घ्यावी. इंटेल-एएमडी पद्धतीच्या कॉम्प्युटरवर लिनक्स तसं करत नाही. चाचणी नापास झाली तरी ते पुढे जातं, या आशेवर की कीबोर्डचा पोर्ट तरीही चालेल आणि माणसाला निदान टाइप करता येईल. नेटबुकसारख्या छोट्या लॅपटॉपच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचं, असं कोडमध्ये नमूद आहे. इतर प्रकारच्या प्रोसेसरवर मात्र हार्डवेअरच्या शब्दावर जास्त विश्वास ठेवून तिथेच थांबलं जातं. हा निर्णय शहाणपणाचाच म्हणायला हवा. चाचणीत नापास पण प्रत्यक्षात चालणारा कीबोर्ड हा चाचणीच्या आग्रहापायी बंद ठेवलेल्या कीबोर्डपेक्षा केव्हाही बरा.

कंट्रोलरनंतर पाळी कीबोर्डची. त्याला ‘तू कोण?’ असं विचारलं जातं. सामान्य कीबोर्ड एबी ८३ असं उत्तर देतो. काही कीबोर्ड काहीच बोलत नाहीत. तेव्हा ड्रायव्हर एक युक्ती करतो: दिव्यांचा हुकूम पाठवून बघतो. नाव सांगता येत नसलं तरी दिव्यांचा हुकूम प्रत्येक कीबोर्डला कळतोच, असा हा भरवसा. पोचपावती आली की समोर कीबोर्ड आहे असं मानायचं. अर्ज भरताना माणूस जे कॅप्स लॉक दाबून करतो, जवळपास तेच.

पण २०२३ च्या आसपास वेगळीच तक्रार वाढली. नव्या लॅपटॉपांपैकी काहींचा कीबोर्ड लिनक्सवर चालत नव्हता. ड्रायव्हरला ‘हा कीबोर्ड फक्त ऐकवतो, त्याला काही सांगायला जाऊ नकोस’ अशी सेटिंग दिली की तो चालू व्हायचा, फक्त कॅप्स लॉकच्या दिव्यावर पाणी सोडावं लागायचं. शोध घेतल्यावर संशय आला तो नेमका ‘तू कोण?’ या प्रश्नावर. हा प्रश्न ऐकूनच त्या लॅपटॉपांचे कंट्रोलर गोंधळत होते. प्रश्न विचारण्यामागचा मुख्य हेतू समोर माऊस किंवा टचपॅड तर नाही ना, एवढं बघण्याचा. लॅपटॉपचा अंगचा कीबोर्ड ज्या पद्धतीने जोडलेला असतो तिथे माऊस असण्याची शक्यताच नसते. मग लॅपटॉपवर हा प्रश्न विचारायचाच नाही, असा बदल लिनक्समध्ये करण्यात आला. एकेका मॉडेलचं नाव यादीत घालत बसण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी चांगला ठरला.

तशा याद्या आहेतच, आणि त्या लांबलचक आहेत. लॅपटॉपचा निर्माता आणि मॉडेल बघून ‘याला सुरू होताना रीसेट दे’, ‘याची अमुक चाचणी घेऊ नकोस’ अशा सूचना त्यात असतात. काही आसूस व्हिव्होबुक मॉडेल्सच्या बाबतीत तर कीबोर्ड आणि कंट्रोलर दोन्ही ठणठणीत होते. इंटरप्टची तार कोणत्या दिशेने हलली की बटण दाबलं असं समजायचं, यावरच लिनक्सचा आणि लॅपटॉपचा समज वेगळा होता. कीबोर्ड ओरडून सांगत होता आणि ऑपरेटिंग सिस्टीम भलतीकडेच कान लावून बसली होती. त्यांच्यासाठीही वेगळी यादी करावी लागली.

शिफ्ट सोडलं की नवा कीबोर्ड आला?

पीएस/२ पद्धतीची एक मोठी अडचण म्हणजे तिथे शांततेचा अर्थच लागत नाही. कोणी टाइप करत नाहीये म्हणून कीबोर्ड गप्प आहे, की त्याची वायर निघालीय म्हणून? ड्रायव्हरला दोन्ही सारखंच दिसतं. वायर पुन्हा जोडली की मात्र सुगावा लागतो. वीज मिळताच कीबोर्ड स्वतःची तपासणी करून एए पाठवतो. ड्रायव्हर ते ओळखतो आणि कीबोर्डची सगळी जुळवणी नव्याने करतो.

पण इथे एक घोळ आहे. कंट्रोलर बटणांचे आकडे ज्या जुन्या संचात बदलून देतो, त्यात डावं शिफ्ट दाबल्याचा आकडा २ए आहे आणि सोडल्याचा आकडा एए. म्हणजे शिफ्ट सोडल्याचा निरोप आणि ‘मी नव्याने सुरू झालोय’ हा निरोप अगदी एकच! ड्रायव्हर यातून वाट काढतो ती स्मरणाच्या जोरावर. डावं शिफ्ट आधी दाबल्याची नोंद असेल तर एए म्हणजे शिफ्ट सुटलं. तशी नोंद नसेल तर कीबोर्ड नव्याने जागा झालाय.

यातूनच अडकलेल्या बटणाचा त्रास समजतो. बटण दाबल्याचा निरोप आला, पण सोडल्याचा वाटेत हरवला, तर ऑपरेटिंग सिस्टीमच्या लेखी ते बटण दाबलेलंच राहतं. लिनक्समध्ये सर्वसाधारणपणे पाव सेकंदाने पुनरावृत्ती सुरू होते आणि दर ३३ मिलिसेकंदांनी एक अक्षर पडत जातं. पडद्यावर एकाच अक्षराची रांग लागते ती अशी. अशा वेळी तेच बटण एकदा दाबून सोडलं की सोडल्याचा निरोप जातो आणि रांग थांबते. काही लॅपटॉपवर आवाज, प्रकाश वगैरेंची खास बटणं सोडल्याचा निरोप मुळातच पाठवत नाहीत. त्यांची यादी करून ड्रायव्हर स्वतःच ‘सोडलं’ असं लिहून टाकतो. कीबोर्डची वायर निघाल्याचं कळलं, तर दाबलेली सगळी बटणं सोडली असं धरलं जातं. नाहीतर डिलीट दाबलेलं असताना वायर निघाली की काय होईल, याची कल्पनाच केलेली बरी.

यूएसबी: इथे गप्प बसणंही नियमात

यूएसबीने हा शांततेचा प्रश्न वेगळ्या पद्धतीने सोडवला. तिथे कीबोर्ड आपणहून बोलतच नाही. कॉम्प्युटरच ठरावीक अंतराने, साध्या कीबोर्डना बहुधा ८ ते १० मिलिसेकंदांनी, ‘काही आहे का?’ असं विचारत राहतो. काही नसेल तर कीबोर्ड ‘सध्या काही नाही’ एवढं कळवतो. वर्गात हजेरी घ्यावी तसं. त्यामुळे सांगण्यासारखं काही नसणं आणि उत्तरच न येणं यांतला फरक लगेच कळतो.

उत्तर येईनासं झालं की लिनक्सचा यूएसबी ड्रायव्हर लगेच हात टेकत नाही. आधी १३ मिलिसेकंद थांबून पुन्हा विचारतो. मग २६, मग ५२, मग १०४ आणि त्यापुढे १०४ च. साधारण एक सेकंद असं चालूनही दाद मिळाली नाही, तर तो पोर्टच रीसेट करतो. दर खेपेला थांबण्याचा वेळ वाढवत नेण्यात शहाणपण आहे. क्षणिक अडचण असेल तर पहिल्या एक-दोन प्रयत्नांत काम होतं, टाइप करणाऱ्याला कळतही नाही. अडचण मोठी असेल तर आधीच धडपडणाऱ्या उपकरणावर प्रश्नांचा भडिमार होत नाही. आणि मधल्या काळात चूक थांबून बराच वेळ उलटून गेला, तर पुढची चूक नवी समजून मोजणी पुन्हा १३ पासून सुरू होते.

लिनक्सच्या लॉगमध्ये अशा वेळी उणे ११० किंवा उणे ७१ असे आकडे दिसतात. ११० म्हणजे वेळेत उत्तर आलं नाही. ७१ म्हणजे संभाषणाचे नियम मोडले गेले. उत्तर अर्धवट किंवा विस्कटलेलं आलं, किंवा वायर मध्येच निघाली. कीबोर्ड जोडताच ७१ वारंवार दिसत असेल, तर ड्रायव्हर शोधत बसण्याआधी वायर, हब आणि पोर्ट बदलून पाहावा.

विंडोजवर

विंडोजमध्ये ८०४२ पद्धतीच्या कीबोर्डसाठी ‘आय८०४२पीआरटी’ हा ड्रायव्हर आहे. त्याचा कोड रोज कोणी वाचत नाही, पण रजिस्ट्रीतल्या त्याच्या नोंदी बघितल्या की तिथेही तोच हिशेब दिसतो: किती वेळा पुन्हा पाठवायचं, किती फेऱ्या वाट पाहायची. या ड्रायव्हरमध्ये एक छुपी सोयही आहे. रजिस्ट्रीत आधी चालू करून ठेवलेली असेल, तर उजवं कंट्रोल दाबून धरायचं आणि स्क्रोल लॉक दोनदा दाबायचं की विंडोज मुद्दाम क्रॅश होतं. पडदा गोठलाय पण कीबोर्डचा ड्रायव्हर जिवंत आहे, अशा वेळी मेमरीची नोंद मिळवून दोष शोधण्यासाठी तंत्रज्ञ ही सोय वापरतात. सहज गंमत म्हणून करून बघण्याची ही गोष्ट नाही, न जतन केलेलं सगळं काम जातं.

दोष कुठे आहे, हे कसं ओळखावं

सुरुवातीच्या अर्जाकडे परत येऊ. कॅप्स लॉकचा दिवा लागतोय पण अक्षर उमटत नसेल, तर कीबोर्ड आणि ड्रायव्हरला दोष देण्यात अर्थ नाही. ब्राउझर किंवा ती खिडकी अडकली असण्याची शक्यता जास्त. दुसऱ्या खिडकीत टाइप करून बघता येतं. इंग्रजी उमटतंय आणि मराठी नाही, तर प्रश्न आणखी वरचा, भाषेच्या सेटिंगचा आहे. ड्रायव्हरला अक्षरं माहीतच नसतात. इन्स्क्रिप्टमध्ये ‘क’ टाइप करा किंवा इंग्रजी ‘के’, कीबोर्डकडून येणारा आकडा तोच.

अक्षरं अगदी उशिराने किंवा बटण बराच वेळ दाबून धरल्यावरच उमटत असतील, तर विंडोजची ‘फिल्टर कीज’ ही सोय चालू झाली आहे का ते बघावं. उजवं शिफ्ट ८ सेकंद दाबून धरलं की ती चालू करण्याची खिडकी येते आणि पुष्कळजण न वाचता ‘हो’ म्हणून टाकतात. दुकानात नेलेल्या ‘बिघडलेल्या’ कीबोर्डांपैकी काहींचा आजार एवढाच असतो.

दिवा लागतच नसेल, तर यूएसबी कीबोर्ड काढून थेट कॉम्प्युटरच्या दुसऱ्या पोर्टात लावावा, हबमध्ये नको. गोल प्लगचा जुना कीबोर्ड चालू मशीनवर काढू-घालू नये. तो जोडाजोडीसाठी कॉम्प्युटर बंद करावा. वायरलेस कीबोर्डवर बहुधा दिवाच नसतो, तिथे आधी बॅटरी. शिवाय काही लिनक्स मशीनवर दिव्याचा हुकूम पडद्याची व्यवस्था पाहणारा प्रोग्राम देतो. तो गोठला असेल तर कर्नल शाबूत असूनही दिवा हलत नाही, त्यामुळे एका दिव्यावरून शेवटचा निकाल देऊ नये.

लॅपटॉपचा कीबोर्ड झोपेतून उठल्यावर मुका झाला असेल, तर पूर्ण बंद करून सुरू करणं हा पहिला उपाय, कारण त्यात कंट्रोलर आणि ड्रायव्हर दोघांची ओळख नव्याने होते. आणि ऑपरेटिंग सिस्टीम सुरू होण्याआधीच्या बायोसच्या पडद्यावर बाणाची बटणं चालतात का, हे जरूर बघावं. तिथे चालत असतील आणि विंडोज किंवा लिनक्समध्ये नाही, तर दोष ड्रायव्हर किंवा सेटिंगमध्ये. तिथेही चालत नसतील, तर नवा ड्रायव्हर टाकून काही होणार नाही, दुरुस्तीवाल्याकडेच जावं लागेल. तोवर अर्ज पुरा करायला माऊसने चालणारा पडद्यावरचा कीबोर्ड आहेच. विंडोजमध्ये तो सुलभतेच्या सेटिंगमध्ये मिळतो, लॉगिनच्या पानावरही त्याचं चिन्ह असतं.

एक प्रकार मात्र वेगळा. लिनक्स मशीन पूर्ण गोठलंय आणि कीबोर्डवरचे कॅप्स लॉक आणि स्क्रोल लॉकचे दिवे कोणी हात न लावता उघडझाप करतायत, असं दिसलं तर तो कीबोर्डचा बिघाड नाही. कर्नल स्वतः कोसळलाय. पडद्यावर काही लिहिण्याची ताकद उरली नसेल, म्हणून ८०४२ चा ड्रायव्हर त्या अवस्थेतही ठरावीक अंतराने दिव्यांचा हुकूम पाठवत राहतो. अशा वेळी बटणं दाबत बसू नये, पॉवरचं बटण दाबून धरावं.